जुन्या ओम्नीची कॅम्पर करताना

आमच्या ऐरोलीत खाडीचा खारा वारा पत्र्याला सोडत नाही. त्यामुळे जुनी मारुती ओम्नी व्हॅन कॅम्पर म्हणून, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी, सजवायची असेल, तर गाद्या-पडद्यांच्या आधी गंज बघा. सरकत्या दरवाजाचा खालचा रूळ, मागच्या चाकांवरची कमान आणि मॅटिंग उचलून त्याखालचा पत्रा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ठणठण वाजलं तर पत्रा शाबूत, भदभद वाजलं तर आतून खाल्लाय. तिथे पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. कुजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या, त्यावर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), मग रंग. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. पावसाळ्यातलं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं.

इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथे सामान कोंबू नका. माळशेज उतरणार असाल तर ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच. ते हवेतली ओल शोषतं आणि तापलं की पेडल पोकळ लागतं.

दिवे-पंख्याला वेगळी बॅटरी हवी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे साधारण ६०० वॅट-तास. २० वॅटचा पंखा रात्रभर आरामात चालतो. फ्यूज बॅटरीला लागूनच, पॉझिटिव्ह वायरवर.

गाडीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका.

नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील, तर नूतनीकरणाचं आधी बघा.