परदेशातून बाईक आणताय? आधी चेसिस नंबर जुळवा

परदेशातून बाईक मागवली की आपलं सगळं लक्ष ड्युटीच्या आकड्यावर असतं, पण आरटीओत काम अडतं ते बारीकसारीक गोष्टींवरून. कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीवरचा, म्हणजे आयात मालाची नोंद असलेल्या कागदावरचा, चेसिस आणि इंजिन नंबर बाईकवरच्या नंबरशी एकेक अक्षर करून जुळवा, तेही बाईक गोदामातून बाहेर काढायच्या आधीच, कारण एका इंग्रजी B चा 8 झाला तरी दुरुस्तीसाठी परत कस्टमकडेच जावं लागतं. चेसिस नंबर बहुतेक बाईकला हँडलखाली फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो, ग्रीस पुसा, कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा, नंबर लख्ख उमटतो.

सेकंडहँड घेत असाल तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाईटचा झोतही डाव्या बाजूने चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा हवा, म्हणून अमेरिकेतली मैलांची बाईक नुसती स्वस्त दिसली म्हणून उचलू नका. कस्टमच्या मूळ कागदांचे स्कॅन काढूनच आरटीओत फाईल द्या. आणि बाहेरची नंबरप्लेट कितीही आवडली तरी काढायची, इथे हाय सिक्युरिटी प्लेटच लागते.