१.३ म्हणजे नापास नव्हे: परदेशी विद्यापीठांशी करार सांभाळताना

जर्मनीत एक सत्र शिकून परतलेली आमची विद्यार्थिनी निकालाचा कागद घेऊन आली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिथल्या पाचही विषयांत तिला १.३, १.७ असे आकडे मिळाले होते. परीक्षा विभागाने ते जसेच्या तसे संगणकात चढवले आणि ती पाचही विषयांत नापास ठरली. जर्मन पद्धतीत १.० सर्वांत उत्तम आणि ४.० ला काठावर पास. आपण दहाकडे चढत जातो, ते एककडे उतरत येतात. यात लिपिकाची काही चूक नव्हती. तिकडचे विषय आणि गुण आपल्याकडे कसे धरायचे याचा तक्ताच त्याच्या हातात नव्हता, कारण करार करताना आम्ही तो बनवलाच नव्हता. निकाल दुरुस्त होईपर्यंत तिच्या एम.एस्सी.च्या अर्जाची मुदत निघून गेली. ते मला आजही लागतं.

पुण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी आंतरराष्ट्रीय कक्षाचं काम पाहते. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते की सामंजस्य करारावरची सही म्हणजे फक्त ओळख झाली. मुलं ये-जा करू लागतात ती विषयांच्या तक्त्यामुळे.

हा तक्ता दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी शेजारी बसून करावा, निदान पडद्यावर तरी. नुसती विषयाची नावं जुळवून भागत नाही. आमच्या 'संख्यात्मक पद्धती' या विषयाचे पाच घटक आहेत. तिकडच्या त्याच नावाच्या विषयात त्यातले चारच निघाले. पाचवा घटक आमच्या प्राध्यापिकेने ऑनलाइन शिकवायचा, असं ठरलं आणि तेही तक्त्यात लिहिलं. मग श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा हिशेब. आपल्याकडे एका सत्राला साधारण २० क्रेडिट, युरोपात ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे श्रेयांक. म्हणजे आपल्या चार क्रेडिटच्या विषयासमोर तिकडचा सहाचा विषय बसतो. गुणांसाठी आम्ही सुधारित बव्हेरियन सूत्र, म्हणजे परदेशी गुण जर्मन गुणांत बदलायचं सूत्र, उलट्या दिशेने वापरतो. आपल्याकडे कमाल १० आणि उत्तीर्णतेला ४ धरले, तर १.३ चे ९.४ होतात. हा सगळा तक्ता अभ्यास मंडळ आणि शैक्षणिक परिषद यांच्याकडून विद्यार्थी जाण्याआधी मंजूर करून घ्या. नंतर केलेल्या मंजुरीला कुणी ना कुणी हरकत घेतंच. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते विषय घ्यायचे याच्या लेखी करारावर, विद्यार्थी, आपण आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिन्ही सह्या झाल्याशिवाय मी कुणालाही तिकीट काढू देत नाही.

वेळापत्रकाचा तिढा याहून चिवट. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे ऐन आपल्या सत्रपरीक्षेच्या तोंडावर. म्हणून आम्ही एप्रिल ते जुलैच्या उन्हाळी सत्राला मुलं पाठवतो. त्यांची चौथ्या सत्राची परीक्षा मार्चमध्ये वेगळी घेतो आणि तिकडचं सत्र पाचव्याच्या जागी मोजतो. परीक्षा नियंत्रकांची लेखी मान्यता त्यासाठी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. ती ऑगस्टमध्येच मागून ठेवा.

संयुक्त पदवीचा, म्हणजे दोन्ही संस्थांनी मिळून द्यायच्या पदवीचा विषय निघाला की व्यवस्थापन मंडळ उत्साहात येतं. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २०२२ ची नियमावली समोर ठेवा. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान असलेल्या संस्थेला, क्यूएस किंवा टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारातल्या परदेशी संस्थेशी थेट हातमिळवणी करता येते. ट्विनिंगमध्ये, म्हणजे पदवी आपलीच पण काही शिक्षण परदेशात असेल तेव्हा, परदेशातले श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंत चालतात. संयुक्त पदवीत दोन्हीकडचे प्रत्येकी किमान ३० टक्के हवेत. संलग्न महाविद्यालयाच्या पदवीवर शिक्का विद्यापीठाचा असतो, म्हणून पहिली बैठक त्यांच्याबरोबर घ्या. माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं नुसती विद्यार्थ्यांची देवाणघेवाण नीट चालवल्याशिवाय पदवीला हात घालू नये.

पैशाच्या बाबतीत सनदी लेखापालाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. परदेशी विद्यार्थ्याने भरलेली फी वेगळी आणि परदेशी संस्थेने आपल्या ट्रस्टला दिलेला निधी वेगळा. दुसऱ्या प्रकाराला परदेशातून येणाऱ्या निधीवर नियंत्रण ठेवणारा विदेशी योगदान कायदा लागू होऊ शकतो, आणि तो लागू झाला तर नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पैसे जमा झाल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

आणि माणसं. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज हजारो गाड्या जातात. पुणे आणि जर्मनीतल्या ब्रेमेन शहराचं नातं जुनं आहे, आणि पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलांची परंपराही तशीच जुनी. अशी ओळख आधीपासून असेल तिथून सुरुवात करा. कुलगुरू बदलतात, प्राचार्य निवृत्त होतात, पण विषयात रस असलेला एक प्राध्यापक इकडे आणि एक तिकडे असेल, तर करार तग धरतो.

कक्षात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कपाटातले सगळे करार बाहेर काढा. प्रत्येकाची मुदत, किती मुलं गेली, किती आली आणि तिकडचा प्राध्यापक कोण, हे एका वहीत मांडा. आमच्या कपाटातून चौदा करार निघाले. त्यातल्या तीनच करारांवर मुलं गेली होती. त्या तीन करारांच्या तिकडच्या प्राध्यापकांना मी त्याच दुपारी साडेतीनला मेल लिहिली. हिवाळ्यात तेव्हा जर्मनीत सकाळचे अकरा वाजलेले असतात, माणूस टेबलाशी सापडतो. दोघांची उत्तरं चार वाजायच्या आत आली.