नभोनाट्य स्पर्धेसाठी संहिता पाठवताना

नभोनाट्य म्हणजे रेडिओवर फक्त ऐकायचं नाटक. त्याच्या स्पर्धेला येणाऱ्या संहितांमध्ये मूळच्या रंगमंचावरच्या एकांकिका बऱ्याच असतात. 'तो तिच्याकडे तिरस्काराने पाहतो' असा कंस दिसला की परीक्षक ओळखतात. पाहणं ऐकू येत नाही. दार आपटणं, कपबशी आदळणं, उत्तर द्यायला लावलेला उशीर ऐकू येतो. कंसातली प्रत्येक सूचना या कसोटीवर घासून घ्या. निम्म्या तरी गळतील.

नियमपत्रकातली वेळ आधी पाहा. अर्ध्या तासाच्या नभोनाट्यात उद्घोषणा आणि श्रेयनामावली वजा जाता 27-28 मिनिटं हाती राहतात. मराठी संवाद मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द या गतीने बोलले जातात. संगीत आणि विराम धरले तर 2,800 शब्दांच्या आसपास थांबावं. हा झाला अंदाज. खरी वेळ घड्याळ लावून, मोठ्यानं, सगळ्या विरामांसकट वाचल्यावरच कळते. मनात वाचताना वेग वाढतो, म्हणून घरी अर्ध्या तासाची वाटलेली संहिता स्टुडिओत चाळीस मिनिटांवर जाते.

पात्रं चार ते सहा पुरेत. तिशीतले तीन मित्र एकत्र बोलू लागले की कोण काय म्हणालं ते श्रोत्याला कळत नाही. वय, बोली, वाक्यांची लांबी यांत फरक ठेवा. सुमन, सुजाता, सुनीता अशी नावं एका नाटकात नकोत. प्रसंगात हजर असलेलं पात्र बराच वेळ गप्प राहिलं, तर श्रोत्याच्या लेखी ते निघून गेलेलं असतं. त्याला मध्येच हुंकार द्या, नाहीतर कुणीतरी त्याला हाक मारू दे. पण याच्या उलट टोकालाही जाऊ नका. 'अरे, तुझ्या उजव्या हातात सुरी आहे!' असं माणसं बोलत नाहीत. 'ठेव ती खाली. आधी ठेव, मग बोलू' यात सुरी न सांगता दिसते.

ध्वनिसंकेतांची हौस नवख्यांना फार. मुसळधार पाऊस आणि कढईतली भजी रेकॉर्डिंगवर जवळपास सारखीच ऐकू येतात! फरक संवादानं करायचा असतो: 'कपडे काढलेस का गं दोरीवरचे?' एसटी स्टँडचा गलका दोन-चार सेकंद पूर्ण आवाजात, मग संवादाखाली मंद, एवढं लिहिलं की पुरतं. तो प्रसंगभर चालू ठेवला तर शब्द बुडतात. आवाज दुरून येतोय की फोनमधून, हे मात्र नोंदवा. प्रसंग बदलताना निवेदक आणणं ही सोपी पळवाट आहे. पुढच्या जागेचा आवाज किंवा पहिलंच वाक्य ते काम करू शकतं. आणि पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी अडायला हवं, कारण श्रोता नाट्यगृहात अडकून बसलेला नसतो.

कागदावरची शिस्त: डावीकडे पात्राचं नाव, संवादांना क्रमांक, ध्वनिसंकेत वेगळ्या ओळीत अधोरेखित. छापील प्रत पाठपोट नको आणि संवाद त्याच पानावर संपवा. वाक्य अर्धवट राहिलं की पान उलटल्याची सळसळ माईकवर येते.

दुसऱ्याच्या कथेचं रूपांतर चालत असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी जोडा. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. स्वतंत्र संहिता मागितली असेल, तर ती आधी प्रसारित किंवा प्रकाशित झालेली चालते का तेही वाचा. बक्षिसासोबत प्रसारणाचे हक्क जातात का, गेले तर किती काळासाठी, हे पाठवण्याआधीच पाहायचं.

मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरं होऊन उघडते. लेखकाचं नाव संहितेवर नको असा नियम असेल, तर ते पहिल्या पानावरून काढून भागत नाही. फाइलच्या नावात आणि तिच्या गुणधर्मांच्या (प्रॉपर्टीज) खिडकीतही ते असतं. तिथूनही पुसा.