ऑफिसच्या सफाईचं कंत्राट देताना या चुका टाळा

तीन एजन्सींकडून कोटेशन मागवलेली असतात. माणशी महिना एकीचा दर 17,000, दुसरीचा 20,000 आणि तिसरीचा 21,100, वर जीएसटी वेगळा. तिघींनीही एकच ओळ लिहिलेली असते: ‘हाउसकीपिंग स्टाफ, आठ तास ड्युटी’. अ‍ॅडमिन आणि परचेसवाले पाच मिनिटांत निर्णय घेतात आणि 17,000 वर सही होते. चार-पाच महिन्यांत तक्रारी सुरू होतात. दर आठवड्याला नवा चेहरा येतो, टॉयलेटला वास मारतो, फरशी चिकट लागते आणि एक दिवस कुणी मावशी अ‍ॅडमिनच्या टेबलापाशी येऊन विचारतात, “साहेब, आमचा पीएफ भरला जातोय का हो?”

हे सगळं त्या सहीच्या दिवशीच ठरलेलं असतं. एका माणसाचा कायदेशीर खर्च किती, हे न पाहता दर मान्य करणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळही तिथेच सापडतं.

फक्त शेवटचा आकडा पाहणं

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. मूळ दर परिमंडळानुसार (म्हणजे भागानुसार) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीनुसार वेगळा असतो. तुमच्या परिमंडळाचा चालू आकडा कामगार विभागाच्या अधिसूचनेत पाहा. इथे हिशेब समजण्यापुरते दोन्ही मिळून महिना 14,000 रुपये धरू.

मूळ + विशेष भत्ता: 14,000
घरभाडे भत्ता 5 टक्के: 700
पीएफ, मालकाचा वाटा, ईडीएलआय (पीएफसोबतचा विमा) आणि प्रशासकीय शुल्क धरून 13 टक्के: 1,820
ईएसआयसी (कामगार राज्य विमा), मालकाचा वाटा 3.25 टक्के (14,700 वर): 478
बोनस 8.33 टक्के: 1,166
रजेचा पगार, 20 दिवस कामामागे एक दिवस: 700
ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के: 673
एकूण: 19,537

यात एजन्सीचा एक रुपयाही नफा नाही. युनिफॉर्म, बूट, सुपरवायझरच्या फेऱ्या, ऑफिसचा खर्च यांतलं काहीच धरलेलं नाही. आता ती तीन कोटेशन पुन्हा पाहा. 21,100 वालीने या खर्चावर साधारण 8 टक्के सर्व्हिस चार्ज लावला आहे. 20,000 वालीकडे सगळं भागवायला माणशी 463 रुपये उरतात. ती ओढाताण करेल, पण निदान प्रश्न विचारण्याजोगी आहे. 17,000 वालीला दर महिन्याला माणशी अडीच हजारांहून जास्त तूट येणार आहे आणि ही तूट कुठलीही एजन्सी स्वतःच्या खिशातून भरत नाही. ती पीएफमधून, बोनसमधून, रजेतून किंवा सरळ पगारातून भरून काढली जाते.

हाच हिशेब कामगाराच्या बाजूने मांडा. 14,700 मधून पीएफचे 1,680 आणि ईएसआयसीचे 111 वजा केले की मावशींच्या हातात 12,909 रुपये पडतात (महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर राज्यात व्यवसाय कर नाही). कंपनीचं बिल मात्र 21,100 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 24,898. एवढा फरक पाहून “मधले सगळे पैसे एजन्सीच खाते” असं म्हणणारे मॅनेजर मी भरपूर पाहिलेत. वरचा तक्ता नीट वाचला तर दिसतं की यातला बराचसा पैसा कामगाराचाच आहे, फक्त तो पीएफ, विमा, बोनस आणि रजा या वाटांनी जातो. त्या वाटा चालू आहेत ना, एवढं पाहणं आपलं काम आहे.

म्हणून कोटेशन मागवतानाच वरच्यासारखा ब्रेकअपचा तक्ता पाठवा आणि सगळ्यांना तोच भरायला सांगा. जी एजन्सी ब्रेकअप देत नाही, ती यादीतून काढा.

‘पीएफ भरतो’ या शब्दावर थांबणं

बिलासोबत पीएफ भरल्याचं चलान जोडलेलं असतं, अकाउंट्सवाले टिक करतात आणि पेमेंट सुटतं. पण ते चलान एजन्सीच्या सगळ्या साइट्सचं मिळून असतं. त्यावरून तुमच्या आठ माणसांचं काहीच कळत नाही. चलानासोबतचा ईसीआर, म्हणजे पीएफचा मासिक तपशील, मागा. त्यात माणसागणिक ओळ असते: यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक), नाव, वेतन, वाटा आणि शेवटाकडे एनसीपी दिवसांचा रकाना. हा रकाना बारकाईने वाचा. एनसीपी म्हणजे बिनपगारी दिवस. मी पाहिलेल्या एका ईसीआरमध्ये महिनाभर रोज हजर असलेल्या माणसासमोर एनसीपी 12 लिहिलं होतं आणि वेतनही त्याच प्रमाणात कमी दाखवलं होतं. मस्टरवर पूर्ण महिना, बिलात पूर्ण महिना आणि पीएफ मात्र अर्ध्यामुर्ध्या महिन्याचा! तुमच्या गेटचं मस्टर आणि ईसीआर शेजारी ठेवले की दोन मिनिटांत हे पकडता येतं.

दुसरी पळवाट म्हणजे पगार भत्त्यांमध्ये तोडणं. वॉशिंग अलाउन्स, कन्व्हेयन्स, ‘अदर’ अशी नावं देऊन पीएफ लागणारी रक्कम लहान केली जाते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. जुन्या ब्रेकअपवर चाललेलं कंत्राट असेल तर ते या नजरेने पुन्हा वाचा.

“ही एजन्सीची जबाबदारी, आमचा काय संबंध?” असं म्हणून सुटता येत नाही. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या तुमच्या कंपनीने, द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितांमध्येही कायम आहे. म्हणजे स्वस्तातल्या कंत्राटाची थकबाकी शेवटी तुमच्याच दारात येऊ शकते.

बारा तासांची ड्युटी एका माणसाच्या दरात मागणं

मॉलपासून दवाखान्यांपर्यंत हे सर्रास चालतं. आठ तासांनंतरच्या कामाला दुप्पट दर आहे. चार तास ओव्हरटाइम म्हणजे आठ तासांचं वेतन. त्यामुळे बारा तासांच्या एका माणसाचं वेतन कायद्याने जवळजवळ दोन माणसांइतकं होतं. शिवाय रोजचे चार जादा तास धरले की ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही ओलांडली जाते. त्यापेक्षा दोन शिफ्ट लावा. थकलेला माणूस अकराव्या तासाला टॉयलेट घासतो तेव्हा काम कसं होतं, हे सांगायला नको.

रिलीव्हरचा खर्च न धरणं

ऑफिस रविवारी बंद असेल तर प्रश्न नाही. पण हॉटेल, हॉस्पिटल, कॉल सेंटर असं महिन्याचे तीसही दिवस चालणारं ठिकाण असेल, तर सहा माणसांच्या साप्ताहिक सुट्ट्या भरायला सातवा माणूस, म्हणजे रिलीव्हर, लागतो. म्हणजे खर्चाचा सहावा भाग वर. आपल्या उदाहरणात माणशी 3,256 रुपये. कोटेशनमध्ये ही ओळच नसेल तर एकतर माणसं सुट्टीविना राबतात किंवा सुट्टीच्या दिवशी जागा रिकामी राहते.

गैरहजेरीची कपात किती दिवसांच्या भागाकाराने होणार, हेही वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. दर 26 दिवसांचा आणि कपात 30 ने भागून, असा घोळ बऱ्याच बिलांत असतो. त्यात दर खाड्यामागे तुमचं नुकसान होतं.

कामाची व्याप्ती तोंडी ठरवणं

‘पूर्ण ऑफिसची सफाई’ म्हणजे काय? काचा आतून की बाहेरूनही? पँट्रीतली भांडी, चहा देणं, पाण्याचे जार उचलणं यात येतं का? नुसत्या चौरस फुटांवर माणसं ठरवू नका. दहा हजार चौरस फुटांचं गोडाऊन आणि तेवढंच कॉल सेंटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टॉयलेट किती, माणसं किती, शिफ्ट किती, यावर काम ठरतं. एजन्सीच्या माणसाला साइट फिरवून दाखवल्याशिवाय दर घेऊ नका.

एक गोष्ट मात्र व्याप्तीत कधीच येता कामा नये. तुंबलेला ड्रेनेज चेंबर किंवा सेप्टिक टँक साफ करायला हाउसकीपिंगच्या माणसाला आत उतरवायचं नाही. 2013 च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई हा गुन्हा आहे, आणि टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. सक्शन मशीनवाला बोलवा. त्याचे पैसे वाचवायला जाऊ नका.

फरशी चिकट, मार्बल निस्तेज: केमिकलमधली चूक

कन्झ्युमेबल्सचा, म्हणजे केमिकल, टिश्यू अशा वापरून संपणाऱ्या सामानाचा, खर्च ठरावीक रकमेत असेल तर एजन्सी हात आखडता घेते, आणि ‘जेवढं लागेल तेवढं’ असेल तर कॅन भराभर संपतात. मधला रस्ता म्हणजे महिन्याची कमाल मात्रा ठरवून तिच्या आत प्रत्यक्ष वापराचं बिल घेणं. हॅण्डवॉश, टिश्यू रोल आणि गार्बेज बॅग यांचा खप माणसांच्या संख्येवर चालतो, म्हणून त्या वेगळ्या ओळीत ठेवा.

पोछा मारल्यावर पायाला फरशी चिकटते तेव्हा बहुतेक वेळा केमिकल कमी नाही, जास्त पडलेलं असतं. अंदाजाने बादलीत ओतलेलं घट्ट द्रावण वाळून थर बसतो आणि त्यावर धूळ धरते. कॅनवरचं प्रमाण मराठीत लिहून स्टोअरच्या दारावर लावा आणि मोजायचं माप द्या. मार्बल किंवा कोटा निस्तेज झाला असेल तर टॉयलेटचं अ‍ॅसिड तिथे वापरलं जात नाही ना, ते आधी तपासा. हे दोन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. अ‍ॅसिड त्यांचा पृष्ठभागच खातं आणि मग पॉलिशिंगचा खर्च तुमच्या माथी बसतो. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र केलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद टॉयलेटमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून दोन्ही कॅन एका कप्प्यात ठेवूच नका.

वर्षभर दर फिक्स, पेमेंट मात्र सावकाश

विशेष भत्ता महागाई निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. कंत्राटात ‘वर्षभर दर बदलणार नाही’ असं लिहून घेतलं तर जुलैतली वाढ कामगारापर्यंत पोचत नाही. वैधानिक वाढ जशीच्या तशी मिळेल आणि सर्व्हिस चार्जची रक्कम वर्षभर तीच राहील, असं कलम घाला. बजेटमध्येही ही वाढ आधीच धरून ठेवा.

एजन्सीने पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा असतो. तुम्ही बिल साठ दिवसांनी देणार असाल तर दोन महिन्यांचे पगार ती व्याजाने आणून देते, आणि ते व्याज तुमच्याच दरात बसतं. एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर लेखी करार असूनही 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही.

कराचं थोडक्यात: जीएसटी 18 टक्के. तुमची विक्री करपात्र असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतं. रुग्णसेवा करमुक्त असल्याने हॉस्पिटलला ते मिळत नाही, म्हणून त्यांनी तुलना करताना जीएसटीसकट आकडा धरावा. पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतच्या शाळांच्या आवारातल्या सफाई सेवेवर जीएसटी नाही, तरीही तो लावलेली बिलं शाळा मुकाट्याने भरताना दिसतात. तसं बिल आलं तर परत पाठवा.

सही आधीच झालेली असेल तर

लगेच एजन्सी बदलू नका. आधी मागच्या तीन महिन्यांचे ईसीआर, ईएसआयसीची यादी आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागा. कामगारांशी सुपरवायझर समोर नसताना बोला, पासबुकातली एंट्री पाहा. मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवायला दादा-मावशींना मदत करा. कित्येकांना आपला यूएएनसुद्धा माहीत नसतो. तूट दिसली तर लेखी मुदत द्या, ब्रेकअपचा तक्ता समोर ठेवा आणि दर खरोखर अपुरा असेल तर तो वाढवायची तयारी ठेवा.

तरीही बदलायचीच वेळ आली, तर जुन्या एजन्सीचं शेवटचं बिल रोखून धरा. शेवटच्या महिन्याचा पगार, साठलेल्या रजेचे पैसे आणि बोनस प्रत्येकाच्या खात्यात जमा झाल्याचा बँकेचा पुरावा नावानिशी हातात आला, की मगच ते सोडा.