पॉपस्टारच्या चार्टवरच्या यशाबद्दल लिहिताय? या चुका टाळा

‘थ्रिलरमधली सातही सिंगल्स पहिल्या क्रमांकावर गेली होती.’ हे वाक्य या ना त्या रूपात सगळीकडे फिरत असतं आणि ते चूक आहे. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या या अल्बममध्ये गाणी नऊ. त्यातली सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, निघाली सात, आणि सातही बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या हॉट १०० या गाण्यांच्या मुख्य चार्टवर (दर आठवड्याच्या क्रमवारीत) पहिल्या दहात पोहोचली. पहिल्या क्रमांकावर मात्र दोनच गेली, ‘बिली जीन’ आणि ‘बीट इट’. खुद्द शीर्षकगीत चौथ्या क्रमांकावर थांबलं. अल्बम अमेरिकेच्या अल्बम चार्टवर ३७ आठवडे अव्वल होता. ते ‘अव्वल’ पुढे कुणीतरी गाण्यांना चिकटवून दिलं असणार.

पॉपस्टारच्या सिंगल्सबद्दल आणि अल्बमांबद्दल लिहिताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका याच जातीच्या. आकडा सहसा खोटा नसतो, तो भलत्याच रकान्यातून उचललेला असतो. तेव्हा कुठलाही क्रमांक लिहिण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: चार्ट कुठला, आठवडा कुठला, आणि त्या काळी मोजणी कशी व्हायची. पहिल्या दोन गोष्टी निदान काही जण तरी बघतात. तिसरी जवळजवळ कुणीच बघत नाही आणि मोठे घोळ तिथेच होतात.

चार्टचं नाव गाळणं

मॅडोनाची नंबर वन गाणी किती? कुणी १२ सांगेल, कुणी ५०. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. हॉट १०० वर १२, आणि क्लबांत वाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्डच्याच डान्स चार्टवर ५०. बिलबोर्डकडे गाण्यांचा मुख्य चार्ट वेगळा, अल्बमांचा बिलबोर्ड २०० वेगळा, शिवाय रेडिओ, डिजिटल विक्री आणि गाण्याच्या प्रकारानुसार कितीतरी. नुसतं ‘बिलबोर्डवर पहिलं’ लिहिलं तर वाचणारा हॉट १०० समजतो, आणि हा समज व्हावा अशीच जाहिरात करणाऱ्यांची इच्छा असते.

आयट्यून्सची यादी हा याचाच पुढचा प्रकार. ती एका ऑनलाइन दुकानाची यादी आहे आणि दिवसभर बदलत राहते. चाहत्यांनी ठरवून पहाटे खरेदी केली तर लहानशा देशात गाणं तासाभरात वर जातं आणि दुपारपर्यंत खाली येतं. ‘अमुक इतक्या देशांत नंबर वन’ असे दावे बहुतेक वेळा इथून येतात. आठवडाभराची मोजणी करणाऱ्या अधिकृत चार्टशेजारी ते मांडू नयेत.

जुन्या ब्रिटिश गाण्यांबाबत आणखी एक गुंता आहे. १४ नोव्हेंबर १९५२ ला एनएमई या साप्ताहिकानं पहिला ब्रिटिश चार्ट छापला. पुढे इतर नियतकालिकंही आपापले चार्ट काढू लागली आणि एकाच आठवड्यात वेगवेगळी गाणी पहिली ठरू लागली. १९६३ मध्ये बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ एनएमई आणि मेलडी मेकर या दोघांच्याही यादीत पहिलं होतं, पण रेकॉर्ड रिटेलरच्या यादीत दुसरं. आज अधिकृत इतिहासात त्या काळासाठी रेकॉर्ड रिटेलरची यादी धरतात. म्हणून ज्या गाण्याला त्या वेळच्या बहुतेक वाचकांनी नंबर वन मानलं, ते अधिकृत नोंदीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. बीटल्सची ब्रिटनमधली नंबर वन गाणी मोजताना एकाचा फरक आला की आधी हे गाणं तपासा.

‘चार्टवर नाही’ म्हणजे ‘चाललं नाही’ असं धरणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण इथे आकडा चुकत नाही, निष्कर्ष चुकतो.

हॉट १०० ४ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाला. तिथपासून १९९८ च्या डिसेंबरपर्यंत एक अट होती: गाणं दुकानात सिंगल म्हणून विकायला आलेलं हवं. नव्वदच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांच्या लक्षात आलं की रेडिओवर गाजणारं गाणं सुटं विकायला काढलंच नाही, तर लोकांना त्याच्यासाठी अख्खा अल्बम घ्यावा लागतो. मग त्यांनी एकेक हिट गाणं मुद्दाम दुकानाबाहेर ठेवायला सुरुवात केली. नो डाउटचं ‘डोंट स्पीक’ बिलबोर्डच्या रेडिओ चार्टवर १६ आठवडे पहिलं होतं, पण हॉट १०० वर ते कधी आलंच नाही. नताली इंब्रुग्लियाचं ‘टॉर्न’ रेडिओवर ११ आठवडे अव्वल होतं. ५ डिसेंबर १९९८ च्या चार्टपासून अट उठली तेव्हा त्याचा भर ओसरला होता, त्यामुळे नोंदीत त्याचं सर्वोच्च स्थान दिसतं ४२. ‘टॉर्न अमेरिकेत फारसं चाललं नाही’ असं कुणी लिहिलं तर ते फक्त या ४२ कडे बघून लिहिलेलं असतं.

मॅडोनाचं ‘इनटू द ग्रूव्ह’ हे असंच. १९८५ मध्ये अमेरिकेत ते ‘एंजल’च्या बारा इंची तबकडीच्या दुसऱ्या बाजूला दिलं गेलं. स्वतंत्र सिंगल नाही, म्हणून हॉट १०० साठी पात्रही नाही. ब्रिटनमध्ये ते सिंगल म्हणून निघालं आणि तिथलं तिचं पहिलं नंबर वन ठरलं. एकाच गाण्यापुढे एका देशाच्या रकान्यात १ आणि दुसऱ्याच्या रकान्यात रेघ दिसली, तर आधी त्या देशात ते कशा स्वरूपात निघालं होतं हे पाहावं.

एल्विस प्रेस्लीबाबत तर चार्टच नंतर आला. ‘हार्टब्रेक होटेल’ १९५६ चं. हॉट १०० च्या हिशेबात त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या यशाला जागाच नाही. तेव्हा ‘हॉट १०० वर सर्वाधिक’ अशा यादीत एल्विस खाली दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

वेगवेगळ्या काळांतले विक्रम एकाच तागडीत घालणं

४ एप्रिल १९६४ च्या हॉट १०० वर पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. ५ नोव्हेंबर २०२२ च्या चार्टवर पहिली दहाही टेलर स्विफ्टची, सगळी ‘मिडनाइट्स’मधली. यावरून ‘टेलरनं बीटल्सना मागे टाकलं’ अशी बातमी होते आणि आकड्यांपुरती ती खरीही आहे. पण १९६४ मध्ये त्या पाच जागा पाच वेगवेगळ्या तबकड्यांनी मिळवल्या होत्या. एकेक तबकडी लोकांनी दुकानात जाऊन घेतलेली, रेडिओवर वाजलेली. २०२२ मध्ये अल्बम आला त्या दिवशी त्यातलं प्रत्येक गाणं आपोआप स्पर्धेत उतरलं, कारण प्रत्येक गाण्याचे स्ट्रीम, म्हणजे ते ऑनलाइन किती वेळा ऐकलं गेलं ते, वेगळे मोजले जातात. कोण मोठं, हा वाद चाहत्यांनी घालावा. लिहिणाऱ्यानं निदान हा फरक एका वाक्यात सांगावा.

नियम मधल्या काळातही बदलत गेले. १९९१ पर्यंत दुकानदार कोणत्या तबकड्या जास्त खपल्या ते सांगायचे आणि त्यावर चार्ट बनायचा. त्या वर्षी बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजणं सुरू झालं. त्यानंतर गाणी थेट वरच्या जागी येऊ लागली आणि तिथे जास्त आठवडे टिकू लागली. हॉट १०० वर पहिल्याच आठवड्यात पहिला क्रमांक मिळवणारं पहिलं गाणं १९९५ चं, मायकेल जॅक्सनचं ‘यू आर नॉट अलोन’. त्याआधीच्या ३७ वर्षांत एकालाही ते जमलं नाही, याचा दोष गायकांकडे जात नाही.

अल्बममधलं प्रत्येक गाणं चार्टवर येऊ देण्याच्या बाबतीत ब्रिटननं अमेरिकेच्या उलट वाट धरली. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा ‘डिव्हाइड’ आला आणि पहिल्या वीसपैकी १६ जागा त्याच्या एकट्याच्या झाल्या. त्याच वर्षी तिथे नियम आला की मुख्य कलाकार म्हणून एकाच्या जास्तीत जास्त तीन गाण्यांनाच चार्टवर जागा मिळेल. म्हणजे अमेरिकेत एका अल्बमची वीस गाणी चार्टवर आणि ब्रिटनमध्ये तीनच, हे लोकप्रियतेचं मोजमाप नव्हे.

तिथला आणखी एक नियम जुन्या, उतरत्या गाण्यांच्या स्ट्रीमना कमी वजन देतो. १९८५ चं केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ २०२२ मध्ये एका मालिकेमुळे पुन्हा उसळलं, तेव्हा त्याला या नियमातून सूट दिली गेली आणि जूनमध्ये ते पहिलं आलं. १९८५ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. जुन्या पुस्तकात ३ आणि नव्या यादीत १ दिसलं तर दोन्ही छापील आकडे आपापल्या वेळी बरोबर आहेत. व्हॅमच्या ‘लास्ट ख्रिसमस’चंही तसंच: १९८४ चं गाणं, ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पहिलं आलं २०२१ च्या जानेवारीत.

युनिटला ‘प्रत’ म्हणणं

डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड २०० वर नुसती विक्री मोजत नाहीत. अल्बमची विक्री, त्यातल्या दहा गाण्यांचे सुटे डाउनलोड म्हणजे एक अल्बम, आणि १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, अशी बेरीज सुरू झाली. या बेरजेतल्या एका अल्बमला युनिट म्हणतात. २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी १२५० आणि जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांसाठी ३७५० असे दोन दर आले. दर पुढेही बदलतात, म्हणून जुन्या आकड्याला आजचा दर लावू नये.

जरा हिशेब करून बघा. दर १२५० चा. दहा गाण्यांचा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला की दहा स्ट्रीम होतात, म्हणजे एक युनिट व्हायला तो १२५ वेळा ऐकला जायला हवा. पंचवीस गाण्यांचा अल्बम ५० वेळा ऐकला की झालं. अल्बम अलीकडे लांबत का चालले, याचं निदान एक उत्तर या भागाकारात आहे.

म्हणून ‘विकल्या गेल्या’ हे क्रियापद जपून वापरा. टेलर स्विफ्टच्या ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ची २०२४ मधली अमेरिकेतली पहिल्या आठवड्याची कमाई २६ लाख १० हजार युनिट्स. त्यात प्रत्यक्ष विक्री १९ लाखांच्या आसपास, बाकी मुख्यतः स्ट्रीमिंग. अडेलच्या ‘२५’ नं २०१५ मध्ये पहिल्या आठवड्यात ३३ लाख ८० हजार प्रती विकल्या, त्या खरोखरच्या प्रती. अल्बम तेव्हा स्ट्रीमिंगवर ठेवलाच नव्हता. हे दोन आकडे एका ओळीत लिहायचे तर पहिल्यापुढे ‘युनिट्स’ आणि दुसऱ्यापुढे ‘प्रती’ हवं.

प्लॅटिनमवरून विक्री काढणं

अमेरिकेत आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांची संस्था ५ लाख युनिटांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम आणि १ कोटीला डायमंड प्रमाणपत्र देते. ब्रिटनमध्ये अल्बमला ३ लाखांवर प्लॅटिनम मिळतं. दोन देशांची प्लॅटिनम मोजून बेरीज करणारे लेख सर्रास दिसतात. ती बेरीज निरर्थक आहे. सिंगल्ससाठी तर अमेरिकेतच १९८९ पर्यंत गोल्डला १० लाख आणि प्लॅटिनमला २० लाख लागत, म्हणजे १९८४ चं गोल्ड आजच्या प्लॅटिनमइतकं.

मायकेल जॅक्सनचा १९९५ चा ‘हिस्टरी’ दोन डिस्कचा होता, त्यामुळे आरआयएएच्या हिशेबात एक संच म्हणजे दोन युनिट. प्लॅटिनमच्या आकड्याला सरळ दहा लाखांनी गुणलं की संख्या दुप्पट होऊन बसते. शिवाय प्रमाणपत्र मागावं लागतं. कंपनीनं अर्ज केला नाही तर विक्री कितीही झालेली असो, नोंद जुन्याच आकड्यावर राहते. प्रमाणपत्राची तारीख म्हणजे विक्रीची तारीख नव्हे, हेही त्यातच आलं.

फक्त सर्वोच्च स्थान बघणं

रिहानाची १४ गाणी हॉट १०० वर पहिली आली, पण अल्बम चार्टवर पहिला क्रमांक तिला सातव्या अल्बमला, २०१२ च्या ‘अनअपोलोजेटिक’ला मिळाला. सिंगलच्या यशावरून अल्बमचं यश गृहीत धरता येत नाही. द वीकेंडचं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ पहिल्या क्रमांकावर फक्त चार आठवडे होतं, आणि चार्टवर ९०. सर्वोच्च स्थानासोबत आठवडे दिले नाहीत तर ते कुठल्याही चार आठवड्यांच्या हिटसारखंच दिसेल.

दोन ठिकाणी दोन आकडे आले तर

आधी तारीख बघा. बिलबोर्डच्या चार्टवर छापलेली तारीख मोजणीच्या आठवड्यानंतरची असते. ‘मिडनाइट्स’ २१ ऑक्टोबर २०२२ ला आला, मोजणी २१ ते २७ ऑक्टोबर, जाहीर झालं ३१ ला, चार्टवर तारीख ५ नोव्हेंबर. यातली कुठलीही तारीख लिहिता येते, पण सगळ्या गाण्यांना एकच पद्धत लावावी.

तारीख जुळत असेल तर तबकडीच्या दोन बाजू बघा. ‘कम टुगेदर’ आणि ‘समथिंग’ १९६९ मध्ये एकाच सिंगलवर होती. सुरुवातीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या जात होत्या आणि ‘समथिंग’ तिसऱ्यापर्यंत गेलं. नोव्हेंबरमध्ये बिलबोर्डनं दोन्ही बाजू एकत्र धरायला सुरुवात केली आणि जोडी पहिली आली. त्यामुळे ‘समथिंग’पुढे कुठे ३ दिसतं, कुठे १.

मग श्रेय. ‘ओल्ड टाउन रोड’ २०१९ मध्ये १९ आठवडे पहिलं होतं. पहिला आठवडा एकट्या लिल नॅस एक्सच्या नावावर, उरलेले १८ बिली रे सायरससोबतच्या रीमिक्समुळे दोघांच्या नावावर. बिली रेच्या खात्यात १९ लिहू नयेत.

नव्यानं ध्वनिमुद्रित केलेले अल्बम वेगळे धरावेत. ‘फिअरलेस’ २००८ चा आणि ‘फिअरलेस (टेलर्स व्हर्जन)’ २०२१ चा, या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्यांचे आठवडे एकमेकांत मिसळू नयेत.

आणि कॅनडाचा रकाना. तिथलं आरपीएम हे साप्ताहिक २००० मध्ये बंद पडलं. कॅनेडियन हॉट १०० सुरू झाला जून २००७ मध्ये. मधल्या वर्षांत बारकोडवरून विक्री मोजणाऱ्या साउंडस्कॅनची विक्रीवर आधारलेली यादी होती, पण विक्री आणि रेडिओ एकत्र धरणारा तसा चार्ट नव्हता. २००३ च्या एखाद्या सिंगलपुढे कॅनडाचा आकडा लिहायचा असेल तर तो कोणत्या यादीतला हे नावानिशी लिहा, आणि त्या रकान्यात रेघ असेल तर ‘कॅनडात आपटलं’ असं वाक्य तिच्यावरून रचू नका.