रिकामा विषाणू सोबत ठेवा

पीएचडीच्या पहिल्या वर्षातले सहा महिने माझ्या एका चुकीत गेले. अ‍ॅडिनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूत इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनाचं जनुक बसवलं, तो कॅन्सरच्या पेशींवर सोडला आणि पेशी मेल्या. मी मोठ्या आनंदाने गाईडना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "रिकामा, म्हणजे ते जनुक नसलेला विषाणू टाकून पाहिलास का?" पाहिला नव्हता. मात्रा जास्त झाली की रिकामा विषाणूही पेशी मारतो. मग मारलं कोणी, इंटरफेरॉनने की विषाणूने? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विषाणूंनी कॅन्सरवर उपचार करण्याच्या या क्षेत्रात येणाऱ्यांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. विषाणू तयार प्रथिन नेत नाही, जनुक नेतो. प्रथिन पेशीच बनवते. २०१५ साली अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी औषध म्हणून मंजूर झालेला टी-व्हेक हा विषाणू अभ्यासा. तो नागिणीच्या नव्हे, ओठावर फोड आणणाऱ्या हर्पीसच्या विषाणूपासून केलेला आहे. त्याचं एक जनुक काढल्यामुळे तो निरोगी चेतापेशींत वाढू शकत नाही. दुसरं काढल्यामुळे बाधित पेशीला प्रतिकारशक्तीपासून लपता येत नाही. वर जीएम-सीएसएफ प्रथिनाचं जनुक घातलंय, ते रोगप्रतिकारक पेशींना गाठीकडे बोलावतं. काय काढलं आणि का, हे वाचताना मला आजही थरारून जायला होतं.

रोजचं काम मात्र मोजणीचं असतं. प्लाक अ‍ॅसे, म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले डाग (प्लाक) मोजण्याची चाचणी, स्वतःच्या हाताने शिका. दहा लाख पट विरळ केलेल्या द्रावणाच्या ०.१ मिलिलिटरमध्ये ४२ प्लाक दिसले, तर मूळ साठ्यात मिलिलिटरला ४२ कोटी संसर्गक्षम विषाणू आहेत. हा आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं. पेशीमागे सरासरी एक विषाणू दिला तरी सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात, कारण वाटणी समान होत नाही. हे न कळल्याने मी "जनुक चालतच नाही" म्हणून एक चांगला विषाणू टाकून देणार होतो.

साठा लहान लहान नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका, टायटर, म्हणजे मिलिलिटरमागे संसर्गक्षम विषाणूंची संख्या, घसरतो. आणि जनुक मागवण्याआधीच संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करा. त्या अर्जात रिकाम्या विषाणूचंही नाव लिहा, नाहीतर त्याच्यासाठी पुन्हा परवानगी मागत बसावं लागतं.