पातळ जॅकेटवर भरतकाम: चुण्या नको असतील तर या चुका टाळा

विंडचीटरसारख्या पातळ जॅकेटवर भरतकामाच्या मशीनने डिझाइन काढलं आणि भोवती चुण्या पडल्या, की शिकाऊ माणूस आधी टेन्शनच्या, म्हणजे धाग्याचा ताण ठरवणाऱ्या, चकतीला हात घालतो. मला ते बघवत नाही. टेन्शन बिघडल्यानेही चुण्या पडतात, पण बहुतेक वेळा घोळ त्याच्या आधीच, कापड फ्रेममध्ये बसवताना झालेला असतो.

फ्रेम बसवल्यावर कापड ओढणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. पातळ नायलॉनची बारा जॅकेटं होती आणि प्रत्येकाच्या छातीवर भरीव गोल बोधचिन्ह काढायचं होतं. फ्रेम बसवली, कापड थोडं सैल वाटलं, म्हणून चारही बाजूंनी ओढून ढोलकीसारखं ताणून घेतलं. टिचकी मारली की आवाज यायचा. फ्रेममध्ये काम इतकं सपाट दिसत होतं, की मी एकामागून एक तीन जॅकेटं उरकली. मग पहिल्याच्या फ्रेमचा स्क्रू ढिला केला. माझ्या डोळ्यांदेखत कापड आत सरकलं आणि गोलाच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला लाटा उठल्या. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

कारण सरळ आहे. ताणलेल्या कापडावर टाके पडले की तेवढा भाग ताणलेल्या मापातच अडकतो. फ्रेम काढल्यावर आजूबाजूचं कापड मूळ मापावर येतं, पण मधल्याला येता येत नाही. हा फरक चुण्यांच्या रूपाने दिसतो. मी एका जॅकेटचे टाके उसवूनही पाहिले. नायलॉनवर सुईची भोकं बुजत नाहीत, त्यामुळे जागेवर भोकांची चाळणी राहिली. तिन्ही जॅकेटं मला माझ्या खिशातून भरून द्यावी लागली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. बॅकिंग, म्हणजे कापडाखाली आधाराला लावायचा थर, टेबलावर पसरते, त्यावर चिकट स्प्रेचा हलका फवारा मारते आणि जॅकेटचं कापड मधून कडेकडे तळहाताने सपाट करत चिकटवते. फ्रेमचा स्क्रू आधीच अंदाजाने घट्ट करून ठेवते, म्हणजे वरची रिंग दाबून बसवावी लागते. ती एकदा बसली की कापडाला हात लावायचा नाही. सैल वाटलं तर फ्रेम काढून पुन्हा बसवायची. खात्री करायला मी धुतल्यावर जाणाऱ्या खडूने कापडावर ५ सेंमीच्या दोन रेघा काढते, एक उभी आणि एक आडवी. फ्रेम लावल्यावर पट्टी ठेवून मोजते. रेघ ५ सेंमी १ मिमी जरी भरली तरी पुन्हा बसवते. एवढा वेळ कुणाकडे आहे, असं विचारणारे भेटतात. उसवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मोठं डिझाइन नुसतं लहान करणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. तयार टाक्यांची फाइल घ्यायची आणि मशीनच्या पडद्यावर आकार कमी करायचा. अशा वेळी बरीच मशीनं टाके तेवढेच ठेवतात. १० बाय १० सेंमीचं डिझाइन ८ बाय ८ केलं, तर जागा १०० वरून ६४ चौरस सेंमीवर येते आणि टाक्यांची दाटी दीडपटीहून जास्त होते. दोन ओळींमधलं ०.४ मिमी अंतर ०.३२ होतं. जाड डेनिम हे कदाचित सोसेल, पातळ जॅकेट नाही. आकार सॉफ्टवेअरमध्ये बदलावा आणि टाके नव्याने मोजून घ्यावेत. पातळ कापडासाठी भरीव भागात मी अंतर ०.४५ ते ०.५ मिमी ठेवते आणि खाली विरळ अंडरले, म्हणजे आधाराचे टाके, देते, म्हणजे वरचे टाके पडण्याआधी कापड बॅकिंगला धरून बसतं. तरीही मोठा, पूर्ण भरलेला चौकोन विंडचीटरवर मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते. बाह्यरेषेचं, मोकळं डिझाइन तिथे जास्त शोभतं.

बॅकिंगमध्ये काटकसर

फाडून काढायचं बॅकिंग स्वस्त आणि झटपट, म्हणून लोक तेच वापरतात. सुई त्याला भोकं पाडत जाते आणि दाट भागात ते काम चालू असतानाच फाटतं. मग टाक्यांची सगळी ओढ कापडावर येते. कापून काढायचं, मऊ जाळीदार बॅकिंग घ्या. बाहेरून त्याची कड दिसत नाही आणि धुतल्यावरही आधार टिकतो. दाटी जास्त असेल तर दोन थर, एकमेकांना आडवे.

बाकीचं थोडक्यात

सुई ७५/११ किंवा ७०/१० मापाची, टोकदार आणि नवी.

वरचा धागा फार घट्ट ठेवू नका. पॉलिस्टर धागा ताणाखाली लांबतो आणि नंतर आकसतो. रात्री सपाट दिसलेलं काम सकाळी चुरगळलेलं दिसतं, ते यामुळे. सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारीशेजारी दाट पडणाऱ्या आडव्या टाक्यांची, उलटी बाजू बघा. मध्ये साधारण एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, धागा दिसायला हवा.

डिझाइन मावेल अशी सर्वांत लहान फ्रेम घ्या.

बाह्या आणि टोपी टेबलावर टेकवून ठेवा. लोंबकळत्या जॅकेटचं वजन फ्रेम खाली ओढतं.

टाके मधून बाहेर जात असावेत. आधी कडा आणि मग मध्य भरला, तर सरकलेलं कापड मध्येच फुगून अडकतं.

वेग मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपास ठेवा.

अस्तर सुटं असेल तर ते बाजूला करा, नाहीतर दोन्ही थर एकमेकांवर सरकतात.

आणि चुण्या पडल्यावर गरम इस्त्री फिरवू नका. नायलॉन चकाकतं, जास्त तापलं तर वितळतं. उलट्या बाजूने, वर सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री केली तर फ्रेमचा वळ जातो. टाक्यांनी धरलेली चुणी तशीच राहते.